डॅनियल ओकॉनेल आणि आयर्लंडची सनदशीर चळवळ

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय निवडण्याची मोकळीक चिटणीस साहेबांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी इतिहासाचा शिक्षक. जवळचे सोडून दूरच्या आयर्लंडचा विषय मी का घेतला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेकडे येणाऱ्या वाटेवरच्या ओढ्यावर साकव व्हावा, अशी पालकांची मागणी होती. पावसाळ्यात मुले दप्तर डोक्यावर घेऊन पाण्यातून येत. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. शेवटी एका कार्यालयावर मोर्चा नेण्याचे ठरले. आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप आला की परवानगी नाकारली आहे आणि लोक आले तर अडविले जातील. काही तरुण म्हणाले, काय व्हायचे ते होऊ दे, जाऊच. मी आणि दोन वडीलधारे रात्री दारोदार फिरलो आणि मोर्चा रद्द केल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी माझाच एक माजी विद्यार्थी मला म्हणाला, "सर, तुम्ही घाबरलात."

हा शब्द मला फार दिवस टोचत राहिला. पुढे दहावीच्या वर्गाची तयारी करताना डॅनियल ओकॉनेल यांचे चरित्र हाती आले आणि लक्षात आले की, हाच आरोप शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसावर फार मोठ्या प्रसंगी झाला होता. माझी तुलना त्या थोर पुरुषाशी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण प्रश्न तोच आहे. जमलेल्या लोकांना "चला" म्हणणारा नेता मोठा, की "थांबा" म्हणणारा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आज मी आपल्यापुढे उभा आहे.

मित्रहो, ओकॉनेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १७७५ रोजी आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील केरी परगण्यात झाला. २०२५ साली त्यांच्या जन्माला २५० वर्षे पूर्ण झाली. त्या काळी आयर्लंडमध्ये कॅथलिक लोकांची संख्या तीन चतुर्थांशांहून अधिक होती; परंतु सत्ता, जमीन आणि न्यायासन ही तिन्ही मूठभर प्रॉटेस्टंट जमीनदारांच्या हाती होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिकांवर निर्बंध लादणारे कायदे होत गेले. कॅथलिकाने पार्लमेंटात बसू नये, वकिली करू नये, जमीन विकत घेऊ नये, पाच पौंडांपेक्षा जास्त किमतीचा घोडा बाळगू नये. शाळा चालवू नये, असाही निर्बंध होता. म्हणून गरीब शिक्षक कुंपणाच्या आडोशाला, शेताच्या बांधाला मुले जमवून शिकवीत. त्या शाळांना लोक कुंपणाच्या शाळा म्हणत. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना त्या अनाम शिक्षकांना मी आदराने वंदन करतो.

डॅनियलला त्याच्या निपुत्रिक काकांनी वाढविले. मायदेशी उच्च शिक्षणाची सोय नाही म्हणून त्याला फ्रान्सला पाठविले. तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. २१ जानेवारी १७९३ रोजी पॅरिसमध्ये राजा सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि त्याच दिवशी हा सतरा वर्षांचा विद्यार्थी आपली शाळा सोडून घाईघाईने इंग्लंडकडे निघाला. क्रांतीच्या नावाने वाहणारे रक्त त्याने जवळून पाहिले. निर्बंध तोपर्यंत थोडे सैल झाले होते. १७९२ च्या कायद्याने कॅथलिकांना वकिलीची परवानगी मिळाली होती. ओकॉनेल मे १७९८ मध्ये वकील झाले, आणि त्याच महिन्यात आयर्लंडमध्ये सशस्त्र उठाव झाला. उठाव चिरडला गेला. हजारो माणसे मारली गेली, आणि त्यांतील बहुतेक गरीब शेतकरी होते. स्वातंत्र्य तर मिळाले नाहीच. उलट त्या उठावाचा दाखला देऊन इंग्लंडने डब्लिनचे पार्लमेंटच बंद केले. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड इंग्लंडशी जोडला गेला आणि आयर्लंडचे १०० सभासद लंडनच्या पार्लमेंटात बसू लागले. ६५८ जणांच्या सभेत १०० जण! आपल्या देशाचे कायदे परक्यांच्या बहुमताने व्हावेत, ही स्थिती त्या दिवसापासून सुरू झाली. ओकॉनेल यांचे पहिले जाहीर भाषण या विलीनीकरणाच्या विरोधातच होते.

आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण थोर माणसांचे दोष झाकून ठेवणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभत नाही. १८१५ साली डब्लिन महापालिकेच्या एका सभासदाने ओकॉनेल यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ओकॉनेल यांनी ते स्वीकारले आणि त्यांच्या गोळीने तो माणूस मृत्यू पावला. या कृत्याचा त्यांना जन्मभर पश्चात्ताप झाला. मृताच्या मुलीला त्यांनी वर्षासन चालू ठेवले. रक्तपाताविरुद्ध पुढे ज्यांनी आयुष्यभर प्रचार केला, त्यांच्या स्वतःच्या हाताला रक्त लागले होते, हे आपण विसरू नये. म्हणूनच त्यांचे शांततेचे बोलणे पुस्तकी नव्हते.

आता त्यांच्या खऱ्या कार्याकडे येऊ. १८२३ साली त्यांनी कॅथलिक असोसिएशनची स्थापना केली. सुरुवातीला तिच्या सभांना गणपूर्ती होणेही मुश्कील होत असे. कारण ती वकील, व्यापारी आणि सरदार यांची संस्था होती. गरिबांचा तिच्याशी संबंध नव्हता. १८२४ साली ओकॉनेल यांनी एक साधी युक्ती काढली. ज्याला मोठी वर्गणी झेपत नाही, त्याने महिन्याला एक पेनी द्यावी आणि संस्थेचा घटक व्हावे. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे २४० गरिबांनी एकेक पेनी दिली तेव्हा कोठे एक पौंड जमे. ही पेनी गोळा करायला गावोगाव माणसे नेमली गेली. चर्चच्या दाराशी वर्गणी जमू लागली, पाद्री हिशेबात मदत करू लागले, जमलेली रक्कम डब्लिनला जाऊ लागली.

या पेनीचे महत्त्व केवळ पैशापुरते नव्हते. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कधी कोणापुढे मान वर केली नव्हती, तो पेनी देऊन म्हणू लागला की ही संस्था माझी आहे. महिन्यातून एकदा गोळा करणारा त्याच्या दाराशी येई, दोन शब्द बोले, बातमी सांगे, गाऱ्हाणे ऐकून घेई. जमलेल्या पैशांतून गरिबांचे खटले चालविले जात. आपल्या संस्थेसाठी ज्यांनी पावतीपुस्तक घेऊन वाडीवाडीत वणवण केली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते चांगले कळेल. एका धनिकाने हजार रुपये दिले तर इमारतीचा एक कोपरा उभा राहतो. पण हजार माणसांनी एकेक रुपया दिला तर इमारतीमागे हजार माणसे उभी राहतात.

या संघटनेची कसोटी १८२८ साली लागली. क्लेअर परगण्यात पोटनिवडणूक होती. कॅथलिकाने पार्लमेंटात बसायचे नाही असा नियम होता, कारण तेथे घ्यावयाच्या शपथेत कॅथलिक धर्मश्रद्धांचा इन्कार होता. पण कॅथलिकाने निवडणुकीला उभे राहू नये, असे कायद्यात कोठे लिहिलेले नव्हते! कसलेल्या वकिलाच्या नजरेने ओकॉनेल यांनी ही फट हेरली आणि ते स्वतः उभे राहिले. विरोधात मंत्रिमंडळात घेतलेले, चांगले व लोकप्रिय असे जमीनदार फिट्झजेराल्ड होते.

त्या वेळी गुप्त मतदान नव्हते. जमीनदाराच्या देखत कूळ मोठ्याने नाव सांगून मत देत असे. वर्षाला चाळीस शिलिंगांच्या उत्पन्नाचा जमिनीत हक्क असलेल्या छोट्या कुळांना मताचा अधिकार होता. पण ते मत मालकाचेच समजले जाई. विरुद्ध मत दिले तर जमीन जाण्याची भीती. अशी ही माणसे १८२८ च्या जुलैमध्ये रांगा करून एनिस या गावी मतदानाला आली. दारूला कोणी शिवले नाही, दंगा केला नाही. ओकॉनेल यांना २०५७ मते पडली, प्रतिस्पर्ध्याला ९८२.

सरकारपुढे पेच पडला. ओकॉनेल यांना बसू द्यावे तर कायदा मोडतो, अडवावे तर आयर्लंड पेटतो. वेलिंग्टन हे लढवय्ये सेनापती पंतप्रधान होते आणि पील हे त्यांचे गृहमंत्री. दोघेही या सुधारणेचे जुने विरोधक. पण त्यांनी माघार घेतली. एप्रिल १८२९ मध्ये कायदा झाला आणि कॅथलिकांना पार्लमेंटाचे दार उघडले. एकही गोळी न झाडता हा विजय मिळाला.

येथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. परंतु मित्रहो, इतिहासाचे पुढचे पान उलटल्याशिवाय टाळी वाजवू नये. त्याच वेळी सरकारने दुसरा कायदा केला. चाळीस शिलिंगवाल्या कुळांचा मताधिकार काढून घेतला आणि मर्यादा दहा पौंड केली, म्हणजे पाचपट. आयर्लंडच्या परगण्यांतील मतदारांची संख्या दोन लाखांहून अधिक होती, ती चाळीस हजारांच्याही खाली आली. ज्या गरिबांनी मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून मत दिले, त्यांच्याच हातून मत गेले. ओकॉनेल यांनी या गोष्टीला विरोध दर्शविला, पण त्यासाठी पुन्हा देश उठविला नाही. वकील, व्यापारी व सधन कॅथलिकांना पदांची दारे उघडली; गरीब कुळाला त्याच्या पेनीच्या बदल्यात प्रत्यक्ष हाती काय पडले, हा प्रश्न शिल्लक राहिला. कोणत्याही समाजाच्या उन्नतीची चळवळ करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. पुढच्या रांगेतल्यांना खुर्च्या मिळाल्या म्हणजे मागे उभे असलेल्यांचे काम झाले, असे समजता येत नाही.

यापुढे ओकॉनेल यांनी वकिलीचा तेजीत चाललेला व्यवसाय सोडला आणि पूर्ण वेळ सार्वजनिक कार्याला दिला. चरितार्थासाठी लोक दरवर्षी निधी जमवून त्यांना देत. विरोधक त्यांना मोठा भिकारी म्हणून हिणवत. त्यांचे ध्येय आता विलीनीकरण रद्द करण्याचे होते. इंग्लंडचे राजपद त्यांना मान्य होते. पण आयर्लंडचे स्वतःचे पार्लमेंट डब्लिनमध्ये असावे आणि आयरिश जनतेचा कारभार तिने स्वतः करावा, ही त्यांची मागणी होती. १८३४ साली हा ठराव त्यांनी लंडनच्या कॉमन्स सभेत मांडला. त्याच्या बाजूने ३८ मते पडली, विरुद्ध ५२३. त्यानंतर काही वर्षे त्यांनी सुधारणावादी पक्षाशी सहकार्य करून पाहिले. त्यातून थोडेफार मिळाले, पण स्वराज्य मिळण्याचे चिन्ह दिसेना. तेव्हा १८४० साली त्यांनी रिपील असोसिएशन नावाची नवी संघटना उभारली. रिपील म्हणजे विलीनीकरणाचा कायदा रद्द करणे.

जुन्या पेनीचीच पद्धत आता अधिक नीटनेटकी झाली. वर्षाला एक शिलिंग देणारा सहकारी, एक पौंड देणारा सभासद. गावोगाव वॉर्डन नेमले. त्यांनी वर्गणी जमवायची, वाचनगृह चालवायचे आणि आपल्या भागात शांतता राखायची. ऑक्टोबर १८४२ मध्ये काही तरुणांनी 'नेशन' नावाचे साप्ताहिक काढले. त्यांत थॉमस डेव्हिस हे प्रॉटेस्टंट होते, डफी व डिलन हे कॅथलिक. ज्यांना वाचता येत नसे त्यांना एक जण मोठ्याने वाचून दाखवी. फादर मॅथ्यू यांच्या दारूबंदीच्या मोहिमेत लाखो लोकांनी मद्यत्यागाची शपथ घेतली होती. त्या मोहिमेची बँडपथके ओकॉनेल यांच्या सभांत वाजू लागली. न पिणारा जमाव कसा शिस्तीत राहतो, हे सर्वांनी पाहिले.

१८४३ हे साल ओकॉनेल यांनी रिपीलचे वर्ष म्हणून जाहीर केले. त्या वर्षी तीसहून अधिक प्रचंड सभा झाल्या. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना राक्षसी सभा असे नाव दिले. १५ ऑगस्टला टारा टेकडीवर सभा झाली. टारा म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन राजांचे आसन. तेथे साडेसात लाख लोक आले असा त्या काळी गवगवा झाला. हा आकडा इतिहासकार फुगविलेला मानतात. तरीही लाखो लोक जमले होते यात शंका नाही. ध्वनिक्षेपक नव्हता, आगगाडी बहुतेक ठिकाणी पोहोचली नव्हती. लोक पायी आले, घोड्यांवर आले, गाड्यांतून आले. ओकॉनेल यांचा आवाज प्रसिद्ध होता, पण इतक्या जमावात तो सर्वांपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. तरीही सभा शांततेने झाली आणि लोक शांततेने परतले. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ८२ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या सभांचा अर्थ कळतो.

सरकारी न्यायालयांत न जाता तंटे आपसांत मिटविण्यासाठी लवाद न्यायालये सुरू झाली. रिपीलच्या सभांना गेल्याबद्दल सरकारने ज्या मॅजिस्ट्रेटांना काढून टाकले होते, तेच या लवादांत बसू लागले. आपला कारभार आपण चालवू शकतो, हे बोलून न दाखविता करून दाखविण्याचा हा प्रयत्न होता.

या चळवळीचा आणखी एक गुण सांगतो. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांकडून मदतीचा पैसा येत असे. तेथे गुलामगिरी चालू होती. ओकॉनेल तिचे कट्टर शत्रू. १८४३ साली त्यांनी गुलामगिरीवर इतके कडक भाषण केले की, अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही रिपील शाखा रागाने बंद पडल्या. पैसा गेला, पण शब्द त्यांनी मागे घेतला नाही. पुढे १८४५ साली गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस डब्लिनला आले. ओकॉनेल यांचे भाषण ऐकून ते भारावले, आणि त्याच व्यासपीठावरून त्यांनाही बोलण्याची संधी मिळाली. यहुद्यांना समान हक्क मिळावेत म्हणूनही ओकॉनेल पार्लमेंटात झगडले. आपल्यावरचा अन्याय दिसणे सोपे असते. दुसऱ्यावरचा अन्याय दिसण्यासाठी मोठे मन लागते. आपल्या हक्कासाठी बोलणाऱ्याने दुसऱ्याच्या हक्काविषयी मौन पाळले, तर त्याच्या मागणीचे वजन निम्मे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वर्षातली शेवटची मोठी सभा रविवार ८ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे व्हायची होती. १०१४ साली राजा ब्रायन बोरू याने येथे डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या परकीयांचा व त्यांच्या मित्रांचा पराभव केला, अशी आयरिशांची अभिमानाची आठवण आहे. म्हणूनच हे ठिकाण निवडले होते. पील आता पंतप्रधान होते. साम्राज्य तुटू देण्यापेक्षा यादवी युद्ध पत्करीन, असे त्यांनी मे महिन्यातच पार्लमेंटात बजावले होते. शनिवारी, म्हणजे सभेच्या आदल्या दिवशी दुपारनंतर सरकारने बंदीचा जाहीरनामा काढला. फौज आणि तोफा सज्ज होत्या, डब्लिनच्या उपसागरात युद्धनौका उभ्या होत्या. दूरदूरचे लोक आधीच निघाले होते. काही तर इंग्लंडमधून बोटीने आले होते.

हाती एक संध्याकाळ आणि एक रात्र होती. ओकॉनेल यांनी तत्काळ सभा रद्द केली. घोडेस्वार सर्व रस्त्यांवर धावले. येणाऱ्या लोकांना वाटेतच गाठून परत फिरण्यास सांगण्यात आले. व्यासपीठ उतरविले गेले. दुसऱ्या दिवशी सैन्य मैदानावर उभे राहिले, पण त्याच्यापुढे गोळी घालायला कोणी नव्हते.

ते घाबरले होते काय? त्यांच्यामागे त्यांच्याच तरुण सहकाऱ्यांपैकी काहींनी असे मनात म्हटले, पुढे उघडही म्हटले. कारण याच ओकॉनेल यांनी जूनमध्ये मॅलो येथे गर्जना केली होती की, मला तुडवायचे असेल तर माझ्या प्रेताला तुडवावे लागेल. लोकांना वाटले होते की वेळ येताच ते लढतील. इतक्या उंच आवाजात बोलल्यावर अचानक थांबणे लोकांना पटत नाही. हा त्यांचा दोष होता, असे मला नम्रपणे वाटते. जे करायचे नाही ते करू असा भास निर्माण करू नये.

परंतु सभा रद्द करणे हा दोष नव्हता. विचार करा, त्या मैदानात बायका-मुलांसह लाखभर माणसे आली असती आणि तोफ डागली गेली असती तर काय झाले असते? १७९८ ची पुनरावृत्ती झाली असती. आणि एका रात्रीत, तार-टेलिफोनशिवाय, इतका प्रचंड जनसमुदाय माघारी फिरला आणि एक दगडही उडाला नाही, हे कसे घडले? वीस वर्षे महिन्याला एक पेनी गोळा करताना जे नाते जडले होते, त्याचे ते फळ होते. ज्याचा शब्द लोक पुढे जाण्यासाठी मानतात, तो नेता लोकप्रिय असतो; ज्याचा शब्द लोक थांबण्यासाठी मानतात, त्यानेच खरी संघटना बांधलेली असते.

पुढे सरकारने ओकॉनेल यांना कटाच्या आरोपावरून पकडले. कॅथलिक देशाच्या या खटल्यात ज्यूरीवर एकही कॅथलिक नव्हता. एक वर्ष कैद आणि २००० पौंड दंड अशी शिक्षा झाली. परंतु सप्टेंबर १८४४ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स सभेतील न्यायाधीशांनी ती रद्द केली आणि ओकॉनेल मिरवणुकीने बाहेर आले. कायद्याच्या वाटेवरचा त्यांचा विश्वास खरा ठरला. पण ते आता एकोणसत्तर वर्षांचे होते, आणि चळवळीचा वेग ओसरला होता.

माझ्या मते त्यांची खरी चूक येथे झाली. क्लॉन्टार्फनंतर काय करायचे, याची योजना तयार नव्हती. मोठ्या सभा भरविल्या म्हणजे सरकार १८२९ प्रमाणे नमते घेईल, असा त्यांचा हिशेब होता. पण १८२९ साली इंग्लंडमध्ये कॅथलिकांच्या बाजूचे पुष्कळ लोक होते. रिपीलच्या बाजूने पार्लमेंटात जवळजवळ कोणी नव्हते. पहिल्या वेळी उघडलेली किल्ली दुसऱ्या कुलपाला लागली नाही. थांबणे बरोबर होते; पण थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय, याचे उत्तर लोकांना मिळाले नाही.

त्यानंतर १८४५ च्या शरद ऋतूपासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे सारे अन्नच बटाटा होते. भीषण दुष्काळ आला. १८४६ साली शस्त्राचा मार्ग कधीच घ्यायचा नाही या ठरावावरून तरुण मंडळी संघटनेबाहेर पडली. फेब्रुवारी १८४७ मध्ये थकलेले ओकॉनेल शेवटचे लंडनच्या सभागृहात उभे राहिले. ज्यांच्या आवाजाने टेकड्या दुमदुमत, त्यांचा आवाज शेजारच्यांनाही नीट ऐकू येत नव्हता. मदत केली नाही तर माझ्या देशाची चौथाई माणसे नष्ट होतील, असे त्यांनी सांगितले. १५ मे १८४७ रोजी रोमच्या वाटेवर जिनोआ येथे त्यांचे निधन झाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ६५ लाख भरली. त्यांचा देह डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत आहे. ही दफनभूमी त्यांच्याच प्रयत्नाने १८३२ साली सर्व धर्मीयांसाठी खुली झाली होती.

मग ते हरले काय? १८४७ साली पाहणाऱ्याला तसेच वाटले असते. परंतु त्यांनी शिकविलेली लोकसंघटना मेली नाही. १८७० पासून आयझॅक बट आणि पुढे पार्नेल यांनी तीच मागणी होमरूल या नावाने चालविली. हा शब्द समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. एप्रिल १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, तिचे नाव आयर्लंडकडूनच आलेले होते. आयर्लंडच्या बहुतेक भागाला १९२२ साली स्वतःचे राज्य मिळाले. ते मिळण्यापूर्वी बंदुकाही चालल्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९२४ साली डब्लिनच्या मुख्य रस्त्याला ओकॉनेल यांचे नाव देण्यात आले.

आता शेवटी पुन्हा आमच्या साकवाविषयी. मोर्चा रद्द झाल्यावर आम्ही सारे घरी बसलो. क्लॉन्टार्फनंतर जे झाले तेच छोट्या प्रमाणात आमच्याकडे झाले. दोन पावसाळे मुले पुन्हा पाण्यातून आली. मग आम्ही घराघरांतून सह्या घेतल्या, दर महिन्याला एक शिष्टमंडळ पाठविण्याचे ठरविले, आणि सांगितल्याप्रमाणे ते दर महिन्याला गेले. तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी साकव झाला. सह्या गोळा करणाऱ्यांत मला घाबरट म्हणणारा तो माझा विद्यार्थी सर्वांत पुढे होता. त्याला मी आज असे उत्तर देईन: बाळा, मी थांबलो ते बरोबर होते, पण थांबून बसलो ते चुकले. तुझ्या रागात अर्धे सत्य होते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या समाजापुढे, आपल्या गावापुढे, आपल्या देशापुढे मागण्या पुष्कळ आहेत. त्या मांडताना आवाज चढविणे सोपे आहे आणि घरी बसणे त्याहून सोपे आहे. दोहोंच्या मधली वाट कठीण आहे. त्या वाटेवर महिन्याला एक पेनी गोळा करावी लागते, हिशेब ठेवावा लागतो, वाचनगृह चालवावे लागते, दुसऱ्याचे दुःखही आपले मानावे लागते. ओकॉनेल यांनी ती वाट एका निरक्षर, उपाशी आणि दबलेल्या देशाला दाखविली. ती पुरी चालून गेले नाहीत. पण ज्यांनी नंतर चालले, त्यांना वाट मळलेली मिळाली.